आवाज आणि चेहरा एकाच बैठकीत : दांडिया बाजारातील एका स्टुडिओविषयी

बडोद्याच्या दांडिया बाजारात, लाकडी जिन्याच्या एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर, एक छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम किंवा शाळांची स्नेहसंमेलने यांची कामे तेथे घेतली जात नाहीत. वयोवृद्ध माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, त्यांचे एक छायाचित्र काढणे आणि दोन्ही गोष्टी कुटुंबाच्या हाती नीट जपून ठेवता येतील अशा स्वरूपात देणे, एवढेच काम ते करतात. युद्धकाळातील आठवणींसाठी त्यांनी वेगळी योजना ठेवली आहे, आणि ती सैनिकांपुरती नाही. १९६२, १९६५ किंवा १९७१ च्या दिवसांत जे रेल्वेत, इस्पितळात, टपालात, शाळेत किंवा घराच्या चुलीपाशी होते, त्यांच्यासाठी ती प्रामुख्याने आहे. माझ्या आत्यासाठी आम्ही ही सेवा घेतली. ती घेण्याजोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दोन-तीन बाबतींत ग्राहकाने आधीच बोलून घ्यावे, आणि त्या कोणत्या हे पुढे सविस्तर लिहिले आहे.

सैन्यात असलेल्या माणसाची आठवण अगदीच अनाथ नसते. त्याच्या तुकडीचा इतिहास लिहिलेला असतो, सेवापुस्तिका असते, पदके असतात, दरवर्षी एखादा कार्यक्रम होतो. १९७१ च्या डिसेंबरात रात्रपाळीला बसलेल्या टेलिफोन ऑपरेटरची नोंद मात्र हजेरीपटाखेरीज कोठेही राहिलेली नसते, आणि तो हजेरीपटही केव्हाच रद्दीत गेलेला असतो. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने १९७२ मध्ये ध्वनिमुद्रणांचा स्वतंत्र विभाग सुरू केला, त्यात सैनिकांबरोबर सामान्य नागरिकांच्याही मुलाखती साठवल्या आणि पुढे त्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. फाळणीच्या आठवणी गोळा करणाऱ्या १९४७ पार्टिशन आर्काइव्हनेही सामान्य माणसांनाच साक्षीदार मानले आहे. आपल्या घरातील माणूस एवढ्या मोठ्या संग्रहापर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि पोहोचला तरी ती मुलाखत घरच्यांच्या कपाटात असतेच असे नाही. गावातल्या गावात, मराठीत आणि गुजरातीत, हे काम नीट करून देणारे कोणीतरी हवे होते. हा स्टुडिओ नेमकी ती गरज भागवतो.

हे काम बडोद्यात होत आहे याचे मला विशेष वाटते. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी आयुष्याचा उत्तरार्ध याच शहरात काढला आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांचे निधनही येथेच झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत त्यांनी टिपलेल्या छायाचित्रांत सेनापती फारसे नाहीत. हवाई हल्ल्यापासून बचावाचे सराव करणारी, आणीबाणीच्या प्रसंगी काय करावे हे शिकणारी साधी माणसे आहेत. ते चेहरे आपण आज पाहू शकतो, परंतु त्यांपैकी एकाही बाईला त्या दिवशी काय वाटले होते, हे कळण्याचा मार्ग उरलेला नाही. छायाचित्राबरोबर आवाजही हवा, हा या स्टुडिओचा आग्रह मला म्हणूनच पटतो.

प्रत्यक्ष मुद्रणाआधी ते एक भेट ठरवतात. तीत यंत्र बाहेर काढले जात नाही. मुलाखत घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत सहज वावरतात. त्यांनी आत्याला तिच्या नोकरीविषयी, तेव्हाच्या घराविषयी आणि पाळीच्या वेळांविषयी विचारले, त्या काळातील घटनांचे दिनदर्शक पान तिच्यासमोर ठेवले, आणि त्या दिवसांतील एखादी वस्तू घरी असेल तर पुढच्या वेळी सोबत आणावी, असे सुचवले. बैठकीच्या दिवशी प्रश्नांची छापील यादी त्यांच्या हातात नव्हती. पहिल्या भेटीत जे ऐकले होते, त्याच्याच आधाराने त्या विचारत गेल्या. ‘युद्धाच्या वेळी तुम्हाला कसे वाटले?’ हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. ‘रात्रपाळीला तुम्ही घरून किती वाजता निघत होतात आणि सोबत कोण असे?’ असे त्यांनी विचारले, आणि त्या एका प्रश्नातून आत्या जवळजवळ पाऊण तास बोलत राहिली.

आत्या १९६४ मध्ये डाक-तार खात्यात ऑपरेटर म्हणून लागली. आपल्याकडे कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये १९६० मध्ये थेट डायल करण्याची सोय सुरू झाली असली, तरी तिच्या नोकरीच्या पहिल्या कित्येक वर्षांत परगावचा बहुतेक प्रत्येक फोन कोणा ना कोणा ऑपरेटरच्या हातून जात असे. नंबर बुक करायचा, चिठ्ठी लिहायची, लाइन मिळाली की दोन्ही बाजू जोडणारी कॉर्ड बोर्डात लावायची, आणि अर्जंट किंवा त्याहून तातडीचा लाइटनिंग कॉल आला की साधे कॉल मागे ठेवायचे. हे तिने इतक्या तपशिलाने सांगितले की ऐकणाऱ्याला त्या बोर्डापुढे बसल्याचा भास व्हावा. १९७१ पर्यंत बडोद्याजवळच्या कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि खताचा कारखाना दोन्ही चालू झाले होते, त्यामुळे बडोद्यावर हल्ला होणारच अशी लोकांची समजूत होती. एक्स्चेंजच्या काचांना काळा कागद चिकटवला होता, सायकलच्या दिव्याचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवला होता, आणि बाबाजीपुऱ्यातील आमच्या आजोबांनी देवघरातील समईसुद्धा संध्याकाळनंतर कोनाड्याच्या आत सरकवून ठेवायला सांगितले होते. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला आणि त्यानंतर पाकिस्तानी विमानांनी ओखा बंदरावर बॉम्ब टाकले. तेथील इंधनसाठ्याला आग लागल्याची बातमी शहराला कळण्याआधी, सौराष्ट्राच्या बाजूच्या लाइनवर एकाएकी उसळलेल्या कॉलच्या गर्दीवरून, बोर्डावरच्या मुलींना काहीतरी मोठे घडल्याचे समजले होते.

त्या कॉलमध्ये काय बोलणे झाले, हे मात्र आत्याने सांगितले नाही. ऑपरेटरने ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, अशी तेव्हाची शिस्त होती आणि ती तिने निवृत्तीनंतरही पाळली आहे. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला आडून आडून विचारले नाही, इतकी वर्षे झाली आता काय हरकत आहे, असेही म्हटले नाही. त्यांनी फक्त विचारले, ‘ऐकलेले मनात ठेवून सकाळी घरी जायचे, तर घरी गेल्यावर तुम्ही काय करत होतात?’ आत्या म्हणाली, ‘आईबरोबर तांदूळ निवडत बसायची. ती काही विचारायची नाही आणि मी काही सांगायची नाही.’ या उत्तरासाठीच या सेवेचे सगळे मोल मी देईन. आम्ही घरच्या माणसांनी तिला आजवर जे प्रश्न विचारले होते, त्यांतून हे कधीच बाहेर आले नव्हते, कारण आम्हाला नेहमी ओख्याची हकीकत हवी असायची.

आठवणींत काळाची सरमिसळ होते, आणि तेथे कसे वागावे यावरून अशा सेवेचा खरा दर्जा कळतो. मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे विमान पाडल्याची बातमी आपण ब्लॅकआउटच्या त्याच डिसेंबरात ऐकली, असे आत्याने ठामपणे सांगितले. प्रत्यक्षात ते विमान १९ सप्टेंबर १९६५ रोजी कच्छमध्ये सुथरी गावाजवळ पाडले गेले होते. बाईंनी तिला मध्येच थांबवले नाही, ध्वनिफितीतील तो भाग कापला नाही, आणि लेखी प्रतीतील तिचे वाक्यही बदलले नाही. पानाच्या तळाशी फक्त घटनेची खरी तारीख लहान अक्षरांत दिली. ही पद्धत योग्य आहे. इटलीतील तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावी लुइजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार मार्च १९४९ मध्ये एका निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मारला गेला, परंतु गावातील अनेक कामगारांच्या आठवणीत तो मृत्यू १९५३ मध्ये, कारखान्यातील मोठ्या कामगार-कपातीच्या वेळी झालेला होता. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ही चूक काढून टाकली नाही, उलट लोकांच्या मनात त्या मृत्यूला कोणते स्थान होते ते तिच्यातून समजून घेतले. आत्याच्या मनातही १९६५ आणि १९७१ ही दोन युद्धे एकाच लांबलेल्या रात्रपाळीसारखी जोडली गेली असावीत. त्याच ओघात, लालबहादूर शास्त्रींच्या आवाहनावरून सोमवारी रात्रीचे जेवण सोडल्याची १९६५ ची आठवणही तिने १९७१ च्या गोष्टींमध्येच सांगितली. तिची स्मृती जशी आहे तशी आमच्याकडे राहिली, आणि तारखा शोधणाऱ्या पुढच्या वाचकाची दिशाभूलही झाली नाही.

छायाचित्र बोलणे संपल्यानंतर काढतात, आधी काढत नाहीत. आत्या ज्या वेताच्या खुर्चीत बसून बोलली, तिच्यातच ती बसून राहिली. उत्तरेकडच्या खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाखेरीज दुसरा दिवा लावला नाही आणि कृत्रिम पडदाही टांगला नाही. छायाचित्रकार येथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागातून शिकलेले आहेत. मुलाखतीच्या वेळी ते खोलीत होते, पण शब्दानेही मध्ये आले नाहीत. आत्याने सोबत आणलेली वस्तू म्हणजे माझ्या वडिलांनी पुण्याहून तिला लिहिलेले १९७१ च्या डिसेंबरातील पत्र. त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी निर्वासितांच्या मदतीसाठीचे पाच पैशांचे तिकीट आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांच्या खर्चासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर ते जादा तिकीट लावणे बंधनकारक होते, आणि ही सक्ती मार्च १९७३ अखेरपर्यंत चालू राहिली. देशातील प्रत्येक घराने या युद्धाचा भार एका पत्रामागे पाच पैसे असा उचलला, याचा एवढा साधा पुरावा आमच्या पेटीत होता, आणि आम्ही त्याकडे वडिलांचे अक्षर म्हणूनच पाहत आलो होतो. छायाचित्रात ते पत्र आत्याच्या मांडीवर आहे, तिकिटाची बाजू वर आहे, आणि तिची नजर कॅमेऱ्याकडे नसून बाईंकडे आहे, कारण त्या तेव्हाही तिच्याशी बोलत होत्या.

घरातील काही मंडळींना ती हसत नाही याचे वाईट वाटले. माझे मत वेगळे आहे. आपल्याकडे वयस्कर माणसाचे छायाचित्र पुढे भिंतीवर हार घालून लावण्याच्या हेतूनेच काढण्याची सवय झाली आहे, आणि त्यामुळे चेहऱ्यावर एक ठरावीक प्रसन्नता आणली जाते. या छायाचित्रात आत्या नुकतेच काहीतरी महत्त्वाचे सांगून झालेल्या माणसासारखी दिसते, कारण ती तशीच होती. प्रिंट १२ × १६ इंचांची आहे, कापसाच्या आम्लविरहित, म्हणजे लवकर पिवळा न पडणाऱ्या कागदावर पिगमेंट शाईने काढलेली आहे, आणि कृष्णधवल असल्यामुळे हातांवरच्या शिरा व पत्राचा पिवळसरपणा यांतील भेद केवळ करड्या छटांतून फार सुंदर उतरला आहे. या बाबतीत स्टुडिओच्या कामात मला काहीही उणे दिसले नाही.

उणिवा आहेत त्या लेखी प्रतीत आणि ध्वनीच्या स्वरूपात. आम्हाला प्रथम मिळालेली लेखी प्रत वाचायला गोड होती, परंतु ती आत्याची वाटत नव्हती. बडोद्यात तीन-चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत बोलताना गुजराती वाक्ये मधूनमधून येतात, माणसे एकच गोष्ट दोनदा सांगतात, वाक्य अर्धवट सोडून दुसरीकडे वळतात. ते सगळे तेथे सारखे करून टाकले होते. बोर्डावरच्या मैत्रिणीशी झालेला संवाद तिने गुजरातीत सांगितला होता, तोही मराठीत उतरवलेला होता. वाचकाच्या सोयीसाठी असे केल्याचे त्यांनी सांगितले आणि त्यामागची भावना चांगलीच होती, तरीही मी हे योग्य मानत नाही. आम्ही विनंती केल्यावर त्यांनी कोणतेही जादा पैसे न घेता शब्दशः प्रत तयार करून दिली. तीत थांबणे, खोकणे, हसणेही कंसात नोंदवले आहे, आणि आता आम्ही तीच वाचतो. ही शब्दशः प्रत प्रत्येक ग्राहकाला न मागता मिळायला हवी, आणि वाचनीय प्रत ही तिच्या जोडीची असावी.

दुसरी उणीव तांत्रिक आहे. पेनड्राइव्हवर त्यांनी एमपी३ फाइल दिली होती. रोज ऐकायला ती पुरेशी आहे, पण या स्वरूपात आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो आणि तो नंतर परत आणता येत नाही. मूळ मुद्रण त्यांनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा डब्ल्यूएव्ही स्वरूपात, म्हणजे आवाजाचा कोणताही भाग न गाळता, केलेले असते; अशा मुद्रणाला एका मायक्रोफोनसाठी तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते, म्हणजे आजच्या काळात ही काही मोठी अडचण नाही. मागितल्यावर मूळ फाइल मिळते. ती मागून घ्यावी, दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवावी आणि एक प्रत परगावच्या नातेवाइकाकडे द्यावी, कारण पेनड्राइव्ह हे दीर्घकाळ साठवणीचे साधन नव्हे. मुद्रणाचा दर्जा मात्र उत्तम आहे. कॉलरचा मायक्रोफोन आणि समोरचा दुसरा मायक्रोफोन असे दोन आवाज ते स्वतंत्र घेतात, भिंतींवर जाड गोधड्या लावून खोलीतील घुमणे कमी केलेले आहे, आणि मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवतात. याच कारणाने एप्रिल-मे महिन्यांत वयस्कर माणसाला तेथे नेऊ नये, असे मी सुचवीन.

संमतिपत्राचा उल्लेख केलाच पाहिजे. ते मराठी, गुजराती आणि हिंदी या तीनही भाषांत आहे, मोठ्या अक्षरांत आहे, आणि मुलाखत देणाऱ्या व्यक्तीलाच ते वाचायला दिले जाते, तिच्या मुलांना नव्हे. मुद्रणाचा हक्क सांगणाऱ्या व्यक्तीकडे राहतो, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. एका कलमात स्टुडिओला छायाचित्र व आवाजाचा अंश प्रदर्शनात वापरण्याची परवानगी मागितली आहे. आत्याने ते कलम खोडले, बाईंनी तेथे तिची सही घेतली आणि विषय संपला. तरीही हे कलम आधीपासून छापलेले असण्याऐवजी तेथे ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन रिकाम्या चौकटी असाव्यात, असे मला वाटते, कारण समोर मांडलेला कागद खोडण्याचे धैर्य प्रत्येक वृद्ध माणसाला होईलच असे नाही.

युद्धकाळाच्या आठवणींच्या योजनेचे त्यांचे मूल्य सध्या ९,५०० रुपये आहे. त्यात आधीची भेट, मुद्रण, लेखी प्रत, एक प्रिंट, ती ठेवण्यासाठी आम्लविरहित पेटी आणि पेनड्राइव्ह येतात. दुसरी प्रिंट हवी असल्यास १,८०० रुपये वेगळे पडतात, आणि हा दर कागदाचा व शाईचा विचार करता मला रास्त वाटला. वाड्याला लिफ्ट नाही व जिना चढाचा आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी ते १,५०० रुपये अधिक घेऊन शहरात घरी येतात, मात्र घरी येणार असतील तर रस्त्याकडची खोली देऊ नये, कारण मांडवी-रावपुऱ्यासारख्या भागांत हॉर्नचे आवाज मुद्रणात उतरतात. वेळ सकाळची घ्यावी, आणि शक्य असल्यास घरातील एकानेच सोबत जावे. अधिक माणसे बसली की सांगणारा त्यांच्याकडे पाहून आठवणी दुरुस्त करू लागतो, हे मी तेथेच दुसऱ्या एका कुटुंबाच्या बाबतीत पाहिले. स्टुडिओची पाटी रस्त्यावरून दिसत नाही. जिन्याखाली असलेल्या चष्म्याच्या दुकानात विचारले की वर पाठवतात. ज्यांच्या घरी १९६५ किंवा १९७१ मध्ये कमावत्या वयाची असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांनी दिवाळीनंतरच्या तारखा आत्ताच ठरवाव्यात, कारण थंडीच्या महिन्यांतील सकाळच्या वेळा लवकर भरतात.